सोलापुरात राहून क्राफ्ट बिअर कशी चाखायची आणि तिच्यावर रिव्ह्यू कसा लिहायचा

क्राफ्ट बिअरचा, म्हणजे छोट्या ब्रुअरीत (बिअरच्या कारखान्यात) बनवलेल्या बिअरचा, कॅन हातात आला की आधी तो उलटा करा. तळाला तारीख छापलेली असते, बाटली असेल तर मानेवर नाहीतर लेबलच्या कडेला बारीक अक्षरात असते, ती वाचा आणि वहीत उतरवून घ्या, बाकी सगळं त्यानंतर. पुण्या-मुंबईच्या माणसाला याची एवढी गरज पडत नाही कारण त्याला घराजवळ टॅपवरची बिअर मिळते, जिथं बनली तिथंच प्यायला मिळते. आपल्याकडे सोलापुरात येते ती बहुतेक कॅनमधली किंवा बाटलीतली, ट्रकातून, गोडाऊनमधून, मग दुकानाच्या मागच्या खोलीतून, आणि एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ डिग्री असताना या प्रवासात बिअरचं काय होतं ते समजून न घेता लिहिलेला रिव्ह्यू म्हणजे ब्रुअरीवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चव ब्रुअरीत तयार होते हे खरं, पण ती आपल्या ग्लासापर्यंत टिकली का नाही हे वेगळंच प्रकरण असतं, आणि लिहिणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या पाहिजेत.

बिअरवाल्यांमध्ये एक अंदाजाचा नियम सांगतात, ३-३०-३००. साधारण ३२ डिग्रीत ३ दिवस राहिलेली बिअर, २२ डिग्रीत ३० दिवस राहिलेली आणि ३ डिग्रीत ३०० दिवस राहिलेली, या तिन्ही जवळपास सारख्याच शिळ्या झालेल्या असतात. आता आपला मे महिना यात बसवून बघा, पेटी दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिली तरी काय होत असेल ते. बिअर भरताना आत थोडा ऑक्सिजन राहतोच, उष्णतेत तो झपाट्यानं काम करतो, सगळ्यात आधी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, ताजा वास जातो, मग हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, गोडसर मधासारखं काहीतरी यायला लागतं. म्हणून आयपीए, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेली कडू बिअर, घेताना लई कडक राहायचं, पॅक होऊन दोन महिन्यांच्या वरची असेल तर मी शक्यतो हात लावत नाही. गव्हाची बिअर तीनेक महिन्यांपर्यंत बरी असते. स्टाउटसारखी काळी आणि त्यातही जास्त अल्कोहोलची बिअर जरा दम धरते, सहा महिने जुनी असली तरी चांगली लागू शकते.

बिअर शॉपीत गेलात की फ्रिजमधलीच मागा. रॅकवर ठेवलेली घेऊन घरी थंड केली तर थंड होईल पण जे गेलं ते परत येत नाही. दुकानदाराला सरळ विचारायचं की ही पेटी कधी आली, आणि फ्रिजमध्ये कधीपासून आहे, चांगला दुकानदार सांगतो, आणि दोन-चार वेळा विचारलं की त्यालाही कळतं की हा माणूस तारीख बघणारा आहे, मग तो स्वतःहून ताजी पेटी उघडून देतो. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेची बाटली शोकेसमध्ये उन्हाच्या बाजूला किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेली असेल तर ती नको. हॉप्समधल्या कडवट द्रव्यांवर प्रकाश पडला की एक गंधकाचं संयुग तयार होतं, जळालेल्या रबरासारखा उग्र वास येतो, आणि कडक उन्हात हे व्हायला काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बरंच वाचवते, कॅन पूर्णच वाचवतो. गाडीवरून घरी आणताना एक जाडजूड टॉवेल ओला करून कॅनला गुंडाळा, आपल्या गावात टेरी टॉवेलची काही कमी नाही, आणि घरी आल्यावर फ्रिजमध्ये उभं ठेवा, आडवं नाही, म्हणजे गाळ तळाशी बसतो.

पुण्याची, गोव्याची, बेंगळुरूची बिअर प्यायची कुठं

वेगवेगळ्या भागातल्या ब्रुअरींची तुलना करायची तर सगळ्यात सोपं पुणं. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी डूलाली पुण्यातच २००९ मध्ये सुरू झाली, नंतर इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, एफिंगट आली, ग्रेट स्टेट एल वर्क्स आली, आणि आपल्याला सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडली की दुपारी तिथं टेबलावर बसता येतं. ट्रेननंच जा. टेस्टिंग करून २५० किलोमीटर गाडी चालवत परत यायचा विचारसुद्धा करू नका, ड्रायव्हर मित्र "मी नाही पिणार" म्हणाला तरी समोर सहा ग्लास आल्यावर तो काय करेल सांगता येत नाही. बेंगळुरूला उद्यान एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवरूनच जाते, तिथं टॉइट २०१० पासून आहे, त्यांची बासमती ब्लाँड ही तांदूळ घालून केलेली बिअर मला या कामासाठी फार उपयोगाची वाटते, कारण तांदळानं बिअर किती हलकी आणि कोरडी होते ते एका घोटात कळतं.

पण तिथून बाटल्या बॅगेत भरून आणू नका. गोवा असो की कर्नाटक, दुसऱ्या राज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि आपण तर बॉर्डरवरचेच लोक, विजापूर रोडला चेकिंग असतं. जिथली तिथंच प्या आणि तिथंच बसून लिहा. आपल्या राज्यात माइल्ड बिअरला वय २१ लागतं, त्यापुढच्या कडक मद्याला २५, आणि पिण्याचा परवानाही लागतो, एक दिवसाचा दुकानात किंवा परमिट रूममध्ये मिळतो. आषाढी-कार्तिकीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे हे लक्षात ठेवून ड्राय डे आधी विचारून घ्या, नाहीतर चार मित्र जमवून बसलात आणि दुकानं बंद.

बसायच्या आधीची तयारी

वेळ जेवणाआधीची. भरल्या पोटी नाक काम करत नाही आणि रिकाम्या पोटी बिअर चढते, म्हणून चार-पाचला थोडं काहीतरी खाऊन संध्याकाळी सातच्या आसपास बसलेलं बरं. त्या खोलीत उदबत्ती नको, मच्छरची कॉइल नको, अंगावर डिओ-अत्तर नको, आणि स्वयंपाकघरात लसणाची फोडणी चालू असेल तर ती होऊन जाऊ द्या मग सुरू करा. तंबाखू, मावा, सिगरेट खाणारा-ओढणारा मित्र असेल तर त्याला तासभर आधीपासून बंद करायला सांगा, स्पष्ट सांगा, त्याच्या जिभेवर बाकी काहीच उमटत नाही.

ग्लास काचेचेच हवेत आणि सगळे सारखे. फार महागडे लागत नाहीत, वरच्या बाजूला थोडा अरुंद होणारा वाइनचा साधा ग्लाससुद्धा उत्तम चालतो कारण वास आत कोंडून राहतो. ग्लास स्वच्छ असणं मात्र यात सगळ्यात महत्त्वाचं आणि इथंच लोक चुकतात. दुधाचा, ताकाचा, तेलकट हातांचा जो बारीक थर राहतो तो फेस मारतो. तपासायचं असेल तर ग्लास आतून ओला करून मीठ भुरभुरवा, सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मधे मधे मोकळे पट्टे राहिले तर तिथं चिकटपणा आहे. बिअर ओतल्यावरही कळतं, आतल्या बाजूला बुडबुडे ठिपक्यांसारखे चिकटून बसले की समजा ग्लास नीट धुतलेला नाही. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडतात ते लिंबानं घासून काढा आणि शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यानं करा, नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर तो ग्लासात राहतो आणि उगाच बिअरच्या नावावर लिहिला जातो.

आता थंडावा. बर्फासारखी गार बिअर प्यायची आपल्याला सवय आहे, उन्हाळा तसाच आहे, पण एवढ्या थंडीत वास उठतच नाही आणि जीभ बधिर होते. लागर (आपली नेहमीची सोनेरी बिअर) ४ ते ७ डिग्रीला, गव्हाची त्याच्या जरा वर, आयपीए ७ ते १० आणि स्टाउट १० ते १३ डिग्रीला खुलते. थर्मामीटर नसला तरी चालतं, डिसेंबरात स्टाउट फ्रिजबाहेर पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मे महिन्यात पाचेक मिनिटं पुरेत. फ्रीजरमध्ये ठेवून गोठवलेला मग वापरू नका, आत जमलेला बर्फ विरघळून बिअरमध्येच जातो.

किती प्यायची तेही आधी ठरवा. ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या एका कॅनमध्ये साधारण १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चाखायला १०० मिली भरपूर होतं, म्हणजे तीन-चार जणांत एक कॅन, आणि अशा चार बिअर झाल्या की थांबायचं, पाचवीला जीभ खोटं बोलायला लागते आणि मार्क वाढत जातात, हे सगळ्यांचंच होतं. वाइनवाले थुंकतात, आपल्याच जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रातेल्लीच्या वायनरीत टेस्टिंग बघितलं असेल तर माहीत असेल, पण बिअर थुंकून चालत नाही, कडवटपणा घशाशी आणि गिळल्यानंतर खरा कळतो, म्हणून घोट लहान घ्या आणि बिअरी कमी ठेवा.

क्रम हलक्याकडून जडाकडे. लागर किंवा पिल्सनर (लागरचाच एक प्रकार) आधी, मग गव्हाची, मग लालसर एल, मग आयपीए, शेवटी स्टाउट. आंबट बिअर असेल तर ती गव्हाच्या नंतर. मधे पाणी, आणि त्याच्याबरोबर कडक भाकरीचा एक तुकडा. खरंच सांगतो, यासाठी कडक भाकरीइतकी चांगली गोष्ट मी बघितलेली नाही, ज्वारीची, कोरडी, तेल नाही, मसाला नाही, तोंड एकदम कोरं करून टाकते, फक्त मीठ-तीळ लावलेली घेऊ नका. शेंगा चटणीची वाटी मात्र टेबलावरून उचला. तिखटानं जीभ पेटते ते एक, आणि शेंगदाण्याचं तेल ओठांना लागलं की ते ग्लासात उतरून फेस बसवतं. ती शेवटी आणायची, सगळं लिहून झाल्यावर.

ओतणं, बघणं, वास

ग्लास तिरपा धरून अर्धी ओता, मग सरळ करून मधोमध ओता, दोन बोटं फेस यायला पाहिजे. फेसाला घाबरू नका, वास त्याच्यातूनच वर येतो. गव्हाच्या बिअरची शेवटची दोन बोटं बाटलीत ठेवायची, बाटली हलकेच गोल फिरवायची आणि मग तो गाळ ओतायचा, ते यीस्ट आहे, त्या बिअरचा अर्धा जीव त्यात असतो. कॅन असेल तर ओतायच्या आधी एकदा हळूच उलटा-सुलटा केला तरी चालतो.

रंग बघा, गढूळ आहे का स्वच्छ आहे ते बघा, फेस किती वेळ टिकतो आणि ग्लासाच्या कडेला जाळी सोडतो का बघा. एवढंच. दिसण्यावर जास्त वेळ घालवू नका. बीजेसीपी म्हणून बिअर परीक्षकांची जी संस्था आहे त्यांच्या ५० मार्कांच्या पेपरात दिसण्याला फक्त ३ मार्क आहेत, वासाला १२, चवीला २०, तोंडातल्या जडपणा-फसफसण्याला ५ आणि एकूण समाधानाला १०. हे प्रमाण मला एकदम बरोबर वाटतं, फोटो चांगला आला म्हणून बिअर चांगली होत नाही.

वास पहिल्यांदा लगेच घ्या, ओतल्या ओतल्या, दोन-तीन लहान हुंगे. मग ग्लास थोडा फिरवून परत. आणि प्रत्येकानं आपापलं लिहायचं, बोलायचं नाही, एकानं "संत्रं" म्हटलं की सगळ्यांना संत्र्याचाच वास यायला लागतो. लिहिताना घरातले, बाजारातले वास आठवा, कारण वाचणाराही सोलापूरचाच आहे. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास म्हणजे गिरणीत गरम पीठ पडत असतं तो, किंवा बेकरीतून खारी निघते तो. माल्ट जरा जास्त भाजलेला असेल तर गुळाकडे, काकवीकडे जातो, आपला तर ऊसाचा जिल्हा, काकवीचा वास ओळखायला कुणाला शिकवायची गरज नाही. स्टाउटमध्ये भाजलेली बार्ली असते, तिथं कॉफी येते, भाजलेल्या शेंगांची करपलेली सालं येतात, कधी कडू चॉकलेट. धुरावर वाळवलेल्या माल्टची बिअर मिळाली, रॉख म्हणतात तिला, तर हुरड्याची आगटी आठवेल, शेकलेलं कणीस आणि राख.

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये पिकलेलं केळं आणि लवंग येतात, आणि यात केळं किंवा लवंग काहीच घातलेलं नसतं, ते यीस्ट तयार करतं. बेल्जियन विट मात्र वेगळी, तिच्यात धने आणि संत्र्याची साल खरोखर घालतात, त्यामुळे धन्याचा वास आला की तो खराच आहे. दोन्ही गव्हाच्या, दोन्ही गढूळ, आणि दुकानात शेजारी शेजारी असतात म्हणून लोक एकच समजतात. आयपीएमध्ये हॉप्सचा खेळ, पपनसाची साल, पिकलेला आंबा, कैरीचा चीक, गवती चहा, कधी देवदाराच्या लाकडासारखा. जुनी झालेली आयपीए कडू राहते पण हा वास नसतो, आणि हे एक चिन्ह पक्कं लक्षात ठेवा: कडवटपणा आहे आणि सुगंध नाही, तर तारीख परत बघा.

चव

पहिला घोट जाऊ द्या, त्याच्यावर काही लिहू नका, तो तोंड ओलं करायला. दुसरा घोट सगळ्या जिभेवर फिरवा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकानं श्वास सोडा. निम्मी चव इथं कळते, घशाच्या मागून वास नाकात जातो आणि आधी हुंगताना न मिळालेलं काहीतरी मिळतं. मग क्रमानं बघा, सुरुवातीला गोड आहे का, मधे काय येतं, शेवटी कडू किती आणि तो कडवटपणा कसा जातो, झटकन जातो का जिभेच्या मुळाशी खरवडत बसतो. कारल्यासारखा स्वच्छ कडू चांगला, चहा जास्त उकळल्यावर तोंड आवळतं तसा तुरट असेल तर काहीतरी बिघडलं आहे. लेबलवर आयबीयू दिलेला असतो, तो कडवटपणाचा आकडा, पण त्याच्यावर जाऊ नका, माल्ट गोड असेल तर ५० सुद्धा मऊ लागतो आणि पातळ बिअरमध्ये ३० सुद्धा टोचतो.

ग्लास अर्धा झाला की दहा मिनिटं ठेवून द्या आणि परत चाखा. गरम झाल्यावर बिअर काही लपवू शकत नाही. चांगली बिअर गरम झाल्यावर जास्त सांगते, खराब बिअर गरम झाल्यावर पिववत नाही.

दोष ओळखायला हेच दहा मिनिटांनंतरचे घोट उपयोगाचे. लोणी किंवा पॉपकॉर्नचा वास आला तर डायअसिटिल, बिअरला टाकीत पुरेसा वेळ दिला नाही किंवा टॅपच्या नळ्या घाण आहेत. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास म्हणजे डीएमएस, हलक्या माल्टची बिअर नीट उकळली नाही की येतो. हिरव्या कच्च्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्ची असताना बाहेर काढली. दवाखान्याचा, बँड-एडच्या पट्टीचा वास म्हणजे पाण्यातलं क्लोरीन किंवा नको ते यीस्ट. व्हिनेगर म्हणजे जंतू लागले. हे सगळे बहुतेक वेळा ब्रुअरीचे किंवा जिथं टॅप आहे तिथले दोष. ओला पुठ्ठा आणि जळकं रबर मात्र जास्त करून प्रवासाचे, उन्हाचे, दुकानाचे दोष. रिव्ह्यूत हा फरक लिहिला नाही तर वाचणारा त्या ब्रुअरीची दुसरी चांगली बिअरही कधी घेणार नाही.

आणि दोष का स्टाइल हेही बघा. गव्हाच्या बिअरमध्ये केळं पाहिजेच, लागरमध्ये केळं आलं तर गडबड. आंबट लागली म्हणून लगेच खराब म्हणू नका, गोझे नावाचा जर्मन प्रकार आंबट आणि खारटच असतो, आपल्याकडे कोकम-मीठ घालून त्याच्या जवळ जाणारी बिअर ग्रेट स्टेटनं केलेली आहे, सोलकढी पिणाऱ्या माणसाला ती पटकन कळते.

एकदा तीन ग्लासांची परीक्षाही करून बघा, ही मला सगळ्यात आवडते. दोन वेगवेगळ्या ब्रुअरींची एकाच प्रकारची बिअर घ्या, घरातल्या कुणाला तरी दुसऱ्या खोलीत तीन ग्लास भरायला सांगा, दोनात एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, कशात काय ते त्यांनीच चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. तुम्ही फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजानंही तिनातून एकदा बरोबर येतं, म्हणून हे तीन-चार वेळा करा. ओळखता आला नाही तर त्या दोन बिअरींवर "हिच्यापेक्षा ती कितीतरी भारी" असं लिहायचा हक्क नाही.

प्रदेशांची तुलना

पुण्याची स्टाउट आणि गोव्याची विट शेजारी ठेवून तुलना होत नाही. एकच प्रकार धरा, गव्हाची सगळ्यात सोपी कारण जवळपास प्रत्येक ब्रुअरी ती करते, आणि जिथं जाल तिथं तीच आधी मागवा. चार ठिकाणची गव्हाची बिअर प्यायलात की कोण यीस्टला नीट सांभाळतं आणि कोण फक्त गोड करून विकतं हे स्पष्ट दिसायला लागतं. पाण्यामुळे चव बदलते असं लोक म्हणतात, ते पूर्वी फार खरं होतं, प्लझेनचं पाणी मऊ होतं म्हणून १८४२ मध्ये तिथं पिल्सनर जमली, इंग्लंडात बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर म्हणून तिथली पेल एल कडक आणि कोरडी झाली. आता मात्र बऱ्याच ब्रुअरी पाणी आरओ करून त्यात हवे ते क्षार परत घालतात, त्यामुळे फरक शोधायचा तर धान्यात, यीस्टमध्ये आणि स्थानिक मालात शोधा.

यावरून एक मनातलं सांगतो. नायजेरियात १९८८ मध्ये बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी आली तेव्हा तिथल्या मोठ्या ब्रुअरी ज्वारीवर गेल्या आणि आजही तिथं ज्वारी वापरतात. आपल्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, तिची बिअर एखाद्या चांगल्या ब्रुअरनं मनापासून करावी अशी माझी फार इच्छा आहे, आणि झाली तर तिला मार्क देताना आपला गाव म्हणून एकही मार्क जास्त द्यायचा नाही.

लिहायचं कसं

पितानाच लिहा, सकाळी आठवून लिहिलेलं सगळं गुळगुळीत होतं. वर ब्रुअरी, बिअरचं नाव, प्रकार, अल्कोहोल किती, पॅकची तारीख, बॅच नंबर, कुठून घेतली, फ्रिजमधली का रॅकवरची, आणि प्यायल्याची तारीख. मग तुमच्या तोंडून जे निघालं ते तसंच. मित्र "का बे, लई कडू हाय की ही" म्हणाला असेल तर तेच लिहा, "संतुलित आणि ताजीतवानी करणारी" यातून कुणालाच काही कळत नाही. साधारण असं जमलं पाहिजे:

"जर्मन पद्धतीची गव्हाची, ५ टक्के. पॅक होऊन अडीच महिने, बिअर शॉपीच्या फ्रिजमधली. रंग उसाच्या रसापेक्षा जरा पिवळा, गढूळ, फेस शेवटपर्यंत. वासात पिकलेलं केळं भरपूर, लवंग अगदी थोडी. चव आधी गोड, मधे पावासारखी, शेवट कोरडा, कडूपणा नाहीच. गरम झाल्यावर मधासारखा गोडवा वाढला, तो जुनेपणाचा असावा. पुढच्या वेळी महिन्याभरातली मिळाली तर परत बघणार. प्रकाराला धरून ३८, मला आवडली म्हणून ३५."

शेवटचे दोन आकडे वेगळे ठेवायची सवय लावून घ्या. एक, ती ज्या प्रकारची म्हणून विकली त्या प्रकाराला किती धरून आहे. दुसरा, तुम्हाला परत घ्यावीशी वाटते का. मला स्वतःला विट फार आवडत नाही, पण उत्तम विटला मी पहिल्या रकान्यात ४२ देतो आणि दुसऱ्यात ३०, त्यानं वाचणाऱ्याला दोन्ही कळतं. अनटॅप्डवर (बिअरचे रिव्ह्यू टाकायचं ॲप) टाकणार असाल तर तिथं ५ पैकी, पाव-पावच्या फरकानं मार्क असतात, दहानं भागलं की झालं.

लिहून झालं की मग चटणी, मटण, काय ते आणा. झणझणीत रश्श्याबरोबर आयपीए घेऊ नका, कडवटपणा आणि अल्कोहोल तिखट अजून पेटवतात, गव्हाची किंवा गोडसर माल्टची लागर घ्या. शेंगा चटणी-भाकरीबरोबर तर लालसर एल, भाजल्याला भाजलेलं बरोबर लागतं. शेंगापोळी उरली असेल तर स्टाउटबरोबर एकदा खाऊन बघा.

आणि ५० पैकी २५ च्या खाली मार्क द्यायची वेळ आली तर त्या दिवशी टाकू नका. दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या तारखेचा कॅन आणा आणि परत बसा. दोन्ही वेळा तोच दोष निघाला तर बिनधास्त लिहा, दोन्ही बॅच नंबर टाका, आणि कॅनवरच्या पत्त्यावर ब्रुअरीलाही फोटोसकट कळवा. एकदाच निघाला असेल तर कुठल्या दुकानातला कॅन, कोणत्या महिन्यात घेतला आणि तो फ्रिजमध्ये होता का ते रिव्ह्यूच्या पहिल्याच ओळीत यायला पाहिजे.